मेट्रन मॅडमचा मनोरा

"हा माणूस चौथ्या मजल्यावर दगावतो," मेट्रन मॅडम म्हणाल्या. "का?"

मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते. हात मागे, टोपी सरळ, बुटांची टोकं एका रेषेत. येताना जिन्यावर मी माफीचं भाषण तीनदा पाठ केलं होतं. त्यात या प्रश्नाचं उत्तर कुठंच नव्हतं.

"कुठला माणूस, मॅडम?"

त्यांनी खण उघडला आणि आमचा जप्त केलेला व्हिडिओ गेम बाहेर काढून टेबलावर ठेवला. दोन्ही रिमोट वायर गुंडाळून, वर रुग्णालयाची चिकटपट्टी लावून, अगदी ऑपरेशन थिएटरमधल्या सामानासारखा बांधलेला. त्यांनी कॅसेटवरच्या चित्रावर बोट ठेवलं.

"हा. तोंड बांधलेला. पहिले तीन मजले व्यवस्थित चढतो. चौथ्यावर रोज जातो."

रोज हा शब्द माझ्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला.

"मॅडम, तुम्ही खेळलात?"

"मी तपासणी केली. जप्त केलेल्या वस्तूची तपासणी करावी लागते."

"आठ दिवस?"

"खुळे, आडनावाला जागू नका. उत्तर द्या."

ही शहाण्णव सालची गोष्ट. नगरमधल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या नर्सिंग स्कूलमध्ये मी दुसऱ्या वर्षाला होते. संगमनेरला माझ्या मामाचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. एका गिऱ्हाइकानं दुरुस्तीला टाकलेला हा गेम परत नेलाच नाही, तेव्हा मामानं तो मला देऊन टाकला. कॅसेटवर 'नऊशे नव्व्याण्णव गेम' असं छापलं होतं. प्रत्यक्षात होते चार. त्यातले तीन अर्ध्या तासात संपायचे आणि चौथा कुणालाच संपायचा नाही. त्याचं नाव जपानी अक्षरांत होतं, म्हणून आम्ही त्याला 'मनोरा' म्हणायचो. तोंड बांधलेला एक माणूस सात मजली मनोरा चढतो, एवढीच गोष्ट. पण वाटेत वटवाघळं, कुत्रे, भाले टाकणारे पहारेकरी. कशाचाही नुसता धक्का लागला की गडी खाली. तीन वेळा पडला की पुन्हा पहिला मजला. मधे कुठं थांबून उद्या पुढं खेळू, अशी सोयच नव्हती. मी तो आयुष्यात एकदाच संपवला होता, दहावीच्या सुट्टीत, मामाच्या दुकानात, दीड महिना घालवून.

हॉस्टेलच्या टीव्हीवर मी आणि माझी रूममेट झरीना तांबोळी रविवारी अभ्यासाच्या तासाला आवाज बंद करून खेळत होतो. आवाज बंद असला तरी झरीना माणूस पडला की "या अल्ला!" असं किंचाळायची. मेट्रन मॅडम त्या किंकाळीनं वर आल्या आणि गेम घेऊन गेल्या.

मिस सगुणा भांबळ. वय सत्तावन्न. चौतीस वर्षं त्याच रुग्णालयात. त्यांच्याविषयी गावात सांगायचे की भांबळबाईंची सुई टोचून झाली तरी पोरगं 'कधी टोचणार?' म्हणून विचारतं. जिथं डॉक्टरांना शीर सापडायची नाही, तिथं त्यांना बोलवायचे. त्या नुसता अंगठा फिरवायच्या आणि म्हणायच्या, "इथं आहे की." आम्हा पोरींना मात्र त्यांची फक्त भीती वाटायची. आम्ही आल्यापासून त्या वॉर्डात यायच्या त्या हात पाठीमागे बांधून, आणि शिकवायच्या त्या नुसत्या तोंडानं. सुई हातात धरलेली आम्ही त्यांना पाहिलीच नव्हती. मेट्रन झाल्यावर असंच असतं, असं मी समजून चालले होते.

"चौथ्या मजल्यावर कडा अरुंद आहेत मॅडम," मी म्हणाले. "वटवाघूळ दिसलं की लगेच उडी मारायची नाही. ते खाली येऊन वर जातं. वर गेलं की मग."

त्यांनी ते लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं. पेन्सिल मुठीत धरून, शाळेतल्या पहिलीच्या पोरासारखं मोठं मोठं.

"उद्यापासून दुपारी तीन वाजता माझ्या क्वार्टरवर यायचं. एक तास. तीस तारखेच्या आत हा माणूस वर पोचला पाहिजे."

"तीस तारखेला काय आहे मॅडम?"

"ते तुमच्या अभ्यासक्रमात नाही."

मी खोलीत आले तेव्हा झरीना माझी ट्रंक पलंगाखालून ओढून, कपडे काढून तयारच बसली होती.

"हाकललं ना? सांग, हाकललं ना?"

"नाही गं. शिकवणी लावलीय."

"कशाची?"

"मनोऱ्याची. मी त्यांना शिकवायचं."

झरीनानं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

*

मेट्रन मॅडमचं क्वार्टर रुग्णालयाच्या मागच्या अंगाला होतं. दोन खोल्या, भिंतीवर ख्रिस्ताचं चित्र, खाली काळा-पांढरा छोटा टीव्ही. मी पहिल्या दिवशी गेले तर त्या पूर्ण गणवेशात, टोपीसकट, टीव्हीसमोर ताठ बसलेल्या. खाली चटईवर बसायला त्यांनी नकार दिला. खुर्चीवर बसूनच खेळायच्या, पाठ न टेकता.

त्या माणसाला त्या 'पेशंट' म्हणायच्या. शेजारी एक तक्ता. वॉर्डात तापाचा असतो तसा. त्यात रोजच्या नोंदी: दुसरा मजला, कुत्रा चावला. चौथा मजला, वटवाघूळ. चौथा मजला, वटवाघूळ. चौथा मजला, स्वतःच्या चुकीनं.

"स्वतःच्या चुकीनं म्हणजे?"

"कारण नसताना उडी मारली यानं."

"उडी तुम्ही मारलीत, मॅडम."

"मी बटण दाबलं. उडी यानं मारली."

एकदा तिसऱ्या मजल्यावरचा पहारेकरी पुन्हा पुन्हा तोच भाला टाकत होता तर त्यांनी खेळ थांबवला आणि मला विचारलं, "या माणसाला ड्यूटी कोण बदलून देतं का नाही? सकाळपासून एकटाच उभाय." मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांना खरंच काळजी वाटत होती.

पण शिकायच्या बाबतीत त्या आम्हा सगळ्यांपेक्षा शहाण्या होत्या. मी एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागलं नाही. वटवाघूळ कधी खाली येतं, कुत्रा किती पावलांवर वळतो, हे त्यांना चार दिवसांत तोंडपाठ झालं. डोळे बरोबर बघायचे. तोंडानं त्या बरोबर "आता" म्हणायच्या. आणि त्या "आता" नंतर एक क्षण जायचा. मग अंगठा बटणावर पडायचा. तोवर वटवाघूळ येऊन गेलेलं असायचं, पेशंट खाली गेलेला असायचा.

"आता म्हणालात तेव्हाच दाबायचं ना मॅडम."

"तेव्हाच दाबलं."

"थोडं उशिरा पडलं."

त्या अंगठ्याकडे बघत राहायच्या. मग म्हणायच्या, "पुन्हा."

चहा मी करायचे. कप त्यांच्यापुढं ठेवला की त्या तो दोन्ही हातांनी उचलायच्या. थंडी आहे म्हणून असेल, असं मला वाटायचं. मे महिना होता, तरी मला तसंच वाटायचं. वीस वर्षांची होते मी. आणि मी पेशंट तपासायला नव्हते गेले, मनोरा शिकवायला गेले होते.

इकडं झरीनाचे अंदाज चालूच होते. "टीव्हीवर स्पर्धा असंल." दुसऱ्या दिवशी, "नाय, त्यांची बहीण बोलली असंल, तुला जमायचं नाय. आमच्या फुप्पीचं तसंच हाय." तिसऱ्या दिवशी ती अशा निष्कर्षाला आली की नवीन आलेले भूलतज्ज्ञ डॉक्टर हा गेम खेळतात आणि मेट्रन मॅडमना त्यांच्याशी बोलायला विषय पाहिजे.

"अगं, ते तीस वर्षांचे आहेत."

"मग? बोलायलाच तर पाहिजे विषय."

*

एकोणतीस तारीख उजाडली. पेशंट अजून एकदाही पाचव्या मजल्यावर पोचला नव्हता.

त्या दिवशी जाताना मी मनाशी एक गोष्ट ठरवून गेले. मामानं मला एक युक्ती सांगितली होती. दुसरा रिमोट जोडायचा आणि त्याचं लाल बटण दाबून धरायचं. मग मनोऱ्यातली सगळी जनावरं निम्म्या वेगानं हलतात, आपला माणूस मात्र नेहमीसारखा पळतो. मी आणि झरीनानं ती युक्ती कधी वापरायची नाही अशी शपथ घेतली होती. पण शपथ आमच्यापुरती होती. आणि मला बाईंची दया येत होती, खरं सांगायचं तर. सत्तावन्न वर्षांची बाई एका वटवाघळापुढं रोज हरते, हे बघवत नव्हतं.

"दुसरा रिमोट कशाला?" त्यांनी विचारलं.

"जोडलेला असला की चित्र स्वच्छ येतं मॅडम."

मी त्यांच्या खुर्चीमागं चटईवर बसले आणि रिमोट एप्रनखाली घेतला.

तीन मजले त्यांनी नेहमीसारखे केले. चौथा सुरू झाला आणि मी बटण दाबलं.

वटवाघूळ आलं. सावकाश. जेवण झाल्यावर शतपावलीला निघाल्यासारखं. "आता," मॅडम म्हणाल्या. तो एक क्षण गेला. अंगठा पडला. पेशंटनं उडी मारली आणि कडेवर नीट उभा राहिला.

मॅडमनी श्वास घेतल्याचा आवाज मला मागं ऐकू आला.

दुसरी कडा. तिसरी. पाचवा मजला. सहाव्यावर दोन कुत्रे एकदम आले. मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "बाजूला व्हा! बाजूला व्हा, पेशंट जातोय!" त्यांची टोपी एका कानावर आली. सातव्यावर पेशंट दोनदा पडला, पण शेवटच्या खेपेला वर पोचला. मनोऱ्याच्या टोकाला एक निशाण चढलं, टीव्हीतून पिपाणीसारखं काहीतरी वाजलं आणि चित्र थांबलं.

"एवढंच?" मॅडमनी विचारलं.

"एवढंच असतं मॅडम."

"पुष्कळ आहे."

आणि मिस सगुणा भांबळ हसल्या. दोन वर्षांत मी ते पहिल्यांदा बघितलं. वरच्या ओळीतला एक दात थोडा पुढं होता, हेही मला त्या दिवशी कळलं. त्यांनी डब्यातून केक काढला, मोठा तुकडा माझ्यासमोर ठेवला आणि टेबलावरचा एक छापील कागद उचलून खणात टाकला.

"हा अर्ज उद्या द्यायचा होता," त्या म्हणाल्या. "आता नको."

"कसला अर्ज?"

केक माझ्या तोंडात होता. त्या इतक्या खुशीत होत्या की त्यांनी सगळं सांगून टाकलं. जानेवारीपासून उजव्या हाताचा अंगठा ऐकत नव्हता. सांगितलेलं उशिरा करायचा, मधेच थरथरायचा. त्याच्या आधी दोन वर्षं हात नुसता जड वाटायचा, म्हणून त्यांनी हळूहळू सुई हातात घेणंच सोडलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. मग आमचा गेम जप्त झाला, आणि कपाटात ठेवण्याआधी सहज त्यांनी तो लावून बघितला.

"मला वाटलं, हे बरं आहे. कुणाला न दुखवता हात तपासता येतो. मी स्वतःशी ठरवलं, तीस तारखेच्या आत हा माणूस वर गेला तर हात अजून माझा आहे. नाही तर अर्ज. आता उद्यापासून मुलांच्या वॉर्डातली सकाळची सलाईन मी लावणार."

उरलेला केक मी परत टेबलावर ठेवला.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मला ते माहीत होतं. पण त्या टोपी सरळ करत होत्या आणि कसलंसं जुनं गाणं तोंडातल्या तोंडात गुणगुणत होत्या. मी "येते मॅडम" म्हटलं आणि सुटले.

*

"मग सांगून टाक ना," झरीना म्हणाली.

"कसं सांगू? त्या एवढ्या खूश होत्या."

"उद्या पोराच्या हातात सुई घुसवतील तवा पण खूशच राहतील का?"

झरीना एरवी दिवसभर काहीबाही बडबडायची. त्या दिवशी तिनं एवढं एकच वाक्य बोलून पुस्तक उघडलं.

सकाळी आठला माझी ड्यूटी मुलांच्या वॉर्डातच होती. तिसऱ्या कॉटवर चार वर्षांची एक मुलगी होती, दोन दिवसांच्या उलट्यांनी सुकून गेलेली. आई शेजारी उभी. मेट्रन मॅडम आल्या. बाह्या दुमडलेल्या. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर एकमेकींकडे बघून हसल्या, कुणीतरी म्हणालंसुद्धा, "मॅडम परत आल्या!" भूलतज्ज्ञ डॉक्टर दारात थांबले, नुसते बघायला.

मॅडमनी मुलीचा हात घेतला. डाव्या हाताच्या बोटानं चाचपलं. "इथं आहे की," त्या म्हणाल्या. मग उजव्या हातात सुई घेतली.

सुईचं टोक हललं. फार नाही. पण मी तो अंगठा तीन आठवडे बघत होते.

"मॅडम, वटवाघळं हळू उडत होती!"

मी ओरडले. हळू बोलायचं ठरवलं होतं, जवळ जाऊन, कानात. पण आवाज असा निघाला की खिडकीतली कबुतरं उडाली. सगळा वॉर्ड माझ्याकडे वळला. मुलीची आई घाबरून वर छताकडे बघायला लागली. डॉक्टर म्हणाले, "कुठाय वटवाघूळ?"

"चौथ्या मजल्यावर," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. "मी बटण दाबून धरलं होतं. दुसऱ्या रिमोटचं. चौथ्यापासून सातव्यापर्यंत."

रुग्णालयाला दोनच मजले होते. डॉक्टरांनी जवळच्या सिस्टरला हळूच विचारलं, "ही मुलगी बरी आहे ना?"

मेट्रन मॅडमना एकट्यांनाच कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हातातल्या सुईकडे. मुलगी रडायची थांबून त्यांच्या तोंडाकडे बघायला लागली होती.

"खुळे," त्या म्हणाल्या, नेहमीच्याच आवाजात. "नाक पुसा. हात धुवा. इकडे या."

मी गेले. त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली, नवीन उघडायला सांगितली, आणि खुर्ची मला दिली.

"मोठ्यांना किती लावलीत आजवर?"

"अकरा."

"ही बारावी. लहान आहे एवढंच."

त्या माझ्यामागे उभ्या राहिल्या. पहिल्यांदा चुकलं. आईनं माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. मॅडमनी माझ्या खांद्यावर डावा हात ठेवला.

"बोटाखाली काय लागतंय ते सांगा. डोळे मिटा हवं तर."

"काही नाही लागत."

"दाबू नका एवढं. ती दाबली की पळते. नुसतं ठेवा बोट. आता?"

"आता... दोरीसारखं."

"करंगळीच्या बाजूला घ्या. कातडी खाली ओढून धरा. सुई निजवा. अजून निजवा. चला."

सुईमागच्या नळीत रक्त आलं. मुलगी कळवळली, मग सलाईन सुरू झाली आणि ती गप्प झाली. मी रडतच होते, पण हात हलवला नाही.

"चिकटपट्टी," मॅडम म्हणाल्या. "ती सरळ लावा."

*

दुपारी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. मी पुन्हा हात मागे घेऊन उभी राहिले.

"दया आली होती तुम्हाला माझी?"

"हो मॅडम."

"आणि सकाळी कुणाची आली?"

"त्या मुलीची."

"मग सकाळचं बरोबर होतं. पण वॉर्डात ओरडायचं नसतं. आठवडाभर बेडपॅन तुमच्याकडे." त्यांनी रजिस्टरमध्ये डाव्या हातानं खूण केली. "आणि त्या तांबोळीलाही घ्या जोडीला. तिला सगळं माहीत असणार."

"हो मॅडम."

"बसा."

मेट्रनसमोर बसायची पद्धत नव्हती. मी खुर्चीच्या कडेवर टेकले. त्यांनी खणातून तो छापील अर्ज काढला आणि माझ्याकडे सरकवला. प्रत्यक्ष रुग्णसेवेतून मुक्त करावे, असं वर छापलेलं होतं.

"माझं अक्षर हल्ली कुणाला लागत नाही. तुम्ही भरा. मी सांगते."

मी भरत गेले. नाव, हुद्दा, सेवेची वर्षं. चौतीस, मी लिहिलं. पुढचा रकाना होता, कारण.

"काय लिहू मॅडम?"

"वाढतं वय लिहा," त्या म्हणाल्या. मग लगेच, "थांबा. खोडू नका, अजून लिहिलं नाही ना? उजवा हात, असं लिहा. वैद्यकीय तपासणी करून घेण्यास तयार आहे. आणि पुढं लिहा, शिकवण्याचं काम चालू ठेवू द्यावं."

त्यांनी ते काम पुढं तीन वर्षं केलं. आमच्या वर्गातल्या आणि मागून आलेल्या कितीतरी मुलींच्या खांद्यावर डावा हात ठेवून, मागे उभं राहून. आज मी नाशिकला मुलांच्या वॉर्डाची इन्चार्ज आहे. झरीना सौदीला गेली, तिथंही अवघड शिरेसाठी तिलाच बोलवतात म्हणे. पण त्या दुपारी यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. अर्ज भरून झाला होता आणि फक्त सही राहिली होती.

मी पेन त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी ते उजव्या हातात घेतलं. पेनाचं टोक कागदावर टेकलं, हललं, पुन्हा उचललं गेलं. पहिलं अक्षर वाकडं आलं. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी बादली आपटली. माझा हात टेबलाच्या कडेपर्यंत गेला होता, कागद धरायला म्हणून. मी तो परत घेतला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

सही व्हायला फार वेळ लागला. शेवटचं अक्षर झाल्यावर त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून नीट बघितला.

"'भां' गेला," त्या म्हणाल्या. "'ळ' बरा आलाय."